खेळण्यातले प्लास्टिकचे घोडे करणाऱ्या, अमेरिकेतल्या ब्रेयरसारख्या कंपन्या कोणता घोडा काढायचा हे कसं ठरवतात?

मुख्य म्हणजे साच्याचा खर्च निघेल का, हे बघून. हे घोडे स्टीलच्या साच्यात प्लास्टिक भरून काढतात आणि नवा साचा करणं फार महाग पडतं. त्यामुळे एकदा केलेला साचा वर्षानुवर्षं चालवतात, बदलतो तो रंग: एकदा काळाभोर, पुढे कधीतरी ठिपक्यांचा, मग पांढऱ्या आयाळीचा. मानेचा बाक आणि उचललेला पाय ताडून बघा, दोन निरनिराळ्या नावांचे घोडे एकाच साच्यातले निघतील. नवा साचा करतात तो बहुतेक नावाजलेल्या घोड्यासाठी (अमेरिकेतल्या शर्यती गाजवणारा सेक्रेटॅरिएट हे ठळक उदाहरण) नाहीतर अजून न काढलेल्या जातीसाठी. गिऱ्हाइकाच्या मागणीला तर सुरुवातीपासून वजन आहे. १९५० च्या सुमारास ब्रेयरने पहिला घोडा केला तो एका घड्याळाच्या शोभेसाठी. लोक नुसता घोडाच मागू लागले आणि त्यातून हा धंदा उभा राहिला.

माझं सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचं दुकान आहे, त्यामुळे हा हिशोब रोजचा. मात्र वरचं सगळं साच्याच्या मालाला लागू. आमच्या चितारआळीत घोडा हाताने घडतो, हाताने रंगतो. तिथे साच्याचा खर्चच नाही, म्हणून कारागीर एका गिऱ्हाइकासाठीसुद्धा वेगळा घोडा करून देऊ शकतो. लाल खोगीर हवं तर लाल, निळं हवं तर निळं. फक्त चार दिवस आधी सांगावं लागतं.