क्लास सोडला, बोटाचा ठसा तिथेच

प्रश्न : वकीलताई, माझी 22 वर्षांची मुलगी भंवरकुआला एमपीपीएससीच्या (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या) क्लासला जायची. प्रवेशाच्या वेळी आधारची झेरॉक्स आणि हजेरीसाठी बोटाचा ठसा घेतला होता. क्लास सोडल्यावर ठसा काढून टाका म्हटलं, तर ऑफिसातून उत्तर मिळालं, "मशीनमध्ये नुसते आकडे असतात." आता काय करावं?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, "नुसते आकडे" हे ऐकून गप्प बसू नका. अशी बरीच यंत्रं ठशाचा फोटो ठेवत नाहीत हे खरं. बोटावरच्या रेषा जिथे संपतात, जिथे फुटतात, त्या जागांची नोंद आकड्यांत ठेवतात. पण त्याच नोंदीवरून तर यंत्र रोज तुमच्या मुलीला ओळखत होतं! मग ती माहिती तिची नाही, असं कसं म्हणता येईल?

आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती, म्हणजे ठशासारखी शरीरावरून ओळख पटवणारी माहिती, संवेदनशील मानली आहे. ती घेण्याआधी लेखी संमती लागते, काम संपल्यावर ठेवता येत नाही, आणि दिलेली संमती लेखी कळवून मागे घेता येते. क्लास एकट्या मालकाचा असला तरी नियम लागू आहेत. 2023 च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर 2011 च्याच नियमांचा आधार घ्यायचा.

अर्ज मात्र मुलीच्या नावाने आणि सहीने जाऊ द्या. ती सज्ञान आहे, संमती तिची होती. "माझी संमती मी मागे घेत आहे, माझ्या ठशाची नोंद आणि आधारची प्रत नष्ट करून तसं लेखी कळवावं," एवढा मजकूर पुरे. प्रवेशअर्जाची प्रत असेल तर तीही काढून वाचा. बारीक अक्षरांत कशावर सही घेतली आहे ते कळेल.

मला जास्त धास्ती वाटते ती झेरॉक्सची. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा या तीन गोष्टींवर आधारच्या मायक्रो एटीएममधून, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडच्या छोट्या यंत्रातून, खात्यातले पैसे निघतात. आणि इथे नंबर व ठसा एकाच ऑफिसात पडून आहेत. म्हणून आधारच्या वेबसाइटवर जाऊन आजच मुलीचं बायोमेट्रिक लॉक करा. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल तेव्हा ते तेवढ्यापुरतं उघडता येतं. कुणी कधी ठसा वापरला याची मागची नोंदही तिथेच दिसते, तीही पाहून घ्या. पुढे कुठे आधार द्यावंच लागलं, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या.

हजेरी रजिस्टरवर सही करूनही होते. ठसा मागणं ही क्लासची सोय आहे, आणि त्या सोयीची जोखीम आपल्या मुलांच्या अंगावर टाकलेली मला मान्य नाही.

निष्काळजीपणामुळे माहिती फुटून नुकसान झालं, तर राज्याच्या आयटी सचिवांपुढे भरपाईचा दावा करता येतो. त्यासाठी कागद हवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.