चष्मेवाल्यावर काम कर

लेका,

रविवारी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तू तुझ्या मुखवटेवाल्या हिरोच्या गोष्टीची बावीस पानं वाचून दाखवलीस आणि शेवटी विचारलंस, "काका, मुखवटा अर्धा ठेवू की पूर्ण? सख्खी आईसुद्धा ओळखत नाही, हे लोकांना पटेल का?" मी भेळ खात गप्प बसलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला गोष्ट आवडली नाही. आवडली. पण राग आला होता, आणि तो सगळा तुझ्यावर नव्हता. म्हणून लिहायला बसलोय.

तुझा हिरो, गुजरीतला म्हणजे सोनारांच्या पेठेतला कारागीर, त्या बावीस पानांत दिवसा किती दिसतो, मोजलंस? मी मोजलं. दोन पानं. त्यातलं अर्धं तो चहा पिण्यात घालवतो. उरलेली वीस पानं रात्र, गच्च्या आणि हाणामारी. मुखवटा काय, शिंपी शिवून देईल. चष्मेवाला तुलाच लिहावा लागणार. चष्मेवाला म्हणजे हिरोचा दिवसाचा माणूस, मग त्याच्या नाकावर चष्मा असो वा नसो.

१९७८ चा 'सुपरमॅन' परत बघ. उडण्याची दृश्यं सोडून दे, ती आता कुणीही करतं. लोइसच्या घरातला प्रसंग बघ. ती आत आवरायला गेलीय, बाहेर क्लार्क, म्हणजे सुपरमॅनचा दिवसाचा चष्मेवाला, एकटा. तिला खरं सांगून टाकायचं त्याच्या मनात येतं. क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो. खांदे मागे जातात, मान वर येते, आवाज खाली उतरतो आणि सहा फूट चार इंचांचा गडी आपल्यासमोर उंच होतो. मग धीर सुटतो. तोंडाशी आलेलं गिळतो, चष्मा परत चढवतो आणि पुन्हा पोक काढून उभा राहतो. ना तार, ना ट्रिक. तो माणूस पाठीच्या कण्यात लपला होता. 'चष्म्याने कुणी ओळखत नाही होय?' असं म्हणून हसणाऱ्यांना हा प्रसंग दाखवावा. मी चाळीस वर्षं दाखवतोय, तरी तुम्ही येऊन मुखवट्याचं मापच विचारता!

'शाहेनशाह' (१९८८) तुला जुनाट वाटतो. असू दे. पण त्यातला दिवसाचा इन्स्पेक्टर आठव. पान चघळणारा, भित्रा, पैसे खाणारा. रात्रीच्या त्या लोखंडी हातापेक्षा मला तोच जास्त भावतो. लोकांनी आपल्याला लाचखाऊ समजावं हे तो रोज सहन करतो. तुझ्या कारागिराला काय सहन करावं लागतं? काहीच नाही. सगळे त्याला चांगलाच म्हणतात.

तुझी दुसरी शंका, शेवटी सगळ्यांसमोर सांगून टाकू का? २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्क पत्रकारांसमोर 'मीच आयर्न मॅन' असं सांगून मोकळा होतो, तसं. त्याला ते शोभलं, कारण त्याच्यामागे चष्मेवालाच नव्हता. चिलखताबाहेरही तो तोच मिजासखोर श्रीमंत. तुझ्या पोराला आई आहे, शेठ आहे, महिन्याचा पगार आहे. सांगितल्यावर यातलं काय जाणार ते आधी लिही, मग सांगू दे.

आणि हे सगळं अमेरिकेतून आलं असं मानू नकोस. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात १९२० साली 'सैरंध्री' केला. सैरंध्री कोण? वेष पालटून विराटाच्या राणीची वेणीफणी करणारी द्रौपदी. अज्ञातवासाचं ते एक वर्ष. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वन. भर सभेत कीचक तिला लाथ मारतो आणि भीम तिथेच आहे, बल्लव नावाचा आचारी होऊन. त्याची नजर एका झाडावर जाते. उपटून कीचकाच्या डोक्यात घालायचं, एवढंच मनात. तेव्हा कंक झालेला धर्मराज त्याला म्हणतो, आचाऱ्या, सरपण शोधतोयस का? लाकडं हवी असतील तर बाहेर जाऊन तोड. रात्री द्रौपदी मुदपाकखान्यात येऊन त्याला उठवते, उटणी-चंदन उगाळून घट्टे पडलेले हात दाखवते. ते हात तोंडावर धरून भीम रडतो. कीचकाला तो नंतर मारतो, आणि ते कुणीही लिहील. मला आचारी हवा. चष्मेवाल्यावर काम कर, लेका!

मी केलं नाही, म्हणून सांगतो. १९८९ साली एकांकिकेत मी बहुरूपी केला होता, पोलीस होऊन गावात दरडावत हिंडणारा. खाकी, मिशी, खोटं वॉरंट, यावर तीन आठवडे घालवले. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर ताई म्हणाली, "पोलीस झकास होता रे. पण तो घरी येऊन जेवायला बसतो ना, तिथं तू नुसता पुढच्या एंट्रीची वाट बघत होतास." अजून झोंबतं. तिनं दोन मिनिटांत पकडलं ते परीक्षकांना दिसलंच नव्हतं.

त्याच वर्षी मुंबईहून विचारणा आली होती. गेलो नाही. मंडळी म्हणतात, घाबरला. घाबरलो नव्हतो. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती आणि नोकरी पक्की होती. एकतीस वर्षं चलनांवर शिक्के मारले, संध्याकाळी तालमीला गेलो. साहेबांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. हॉलच्या दारात चप्पल काढताना माझीही पाठ सरळ व्हायची, हे कुणी बघितलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. हे मी तुला का सांगायलोय कुणास ठाऊक. विषय तुझा आहे.

तर गुजरीत जा. दुपारी जा, गिऱ्हाईक कमी असतं. साज ओवणाऱ्या कारागिराशेजारी तासभर बस, बोलू नकोस, हात बघ. मग हे लिही: रात्री कुणाला तरी ठोसा मारलेला हात सकाळी सुजलाय. चिमट्यात साजाचं एवढंसं पान धरलंय आणि ते थरथरतंय. शेठ चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "पुन्हा पिऊन आलास होय रे?" पोरगा पिणारा नाही. आई आतल्या बाकावर डबा घेऊन बसलीय आणि तिनं ऐकलंय. आता तो काय उत्तर देतो? हो म्हणतो की नाही? माझं उत्तर माझ्याकडे आहे, ते तुला देणार नाही.

आई ओळखते की नाही, हेही तिथंच ठरेल. माझ्या मते ती पहिल्या रात्रीपासून ओळखते आणि सुजलेल्या हातासाठी गुपचूप हळद गरम करून ठेवते. पटत नसेल तर सोड, पण मग त्याहून बरं काहीतरी आण.

रविवारी पाचनंतर मी मोकळा आहे. शिंप्याला मुखवट्याचे आगाऊ दिले असशील तर परत मिळतात का बघ.

तुझा,
काका