कावळा गाणारा आणि कोकीळ नाही?

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पक्षिनिरीक्षणात कावळ्याची गणना गायक पक्ष्यांत होते, कोकिळेची होत नाही, असे सांगण्यात आले. हे कसे? तसेच जुन्या पुस्तकांत कस्तुरांबरोबर असलेला दयाळ नव्या पुस्तकांत माशीमारांच्या कुळात का आढळतो? – एक वाचक, दादर

उत्तर : हे वर्गीकरण गळ्याच्या गोडव्यावर नव्हे, तर वंशावर आणि श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या ध्वनियंत्राच्या गुंतागुंतीच्या स्नायुरचनेवर आधारलेले आहे, ती रचना कावळ्याकडे आहे, तर कोकीळ निराळ्या गणातील आहे. (कावळ्याने तिचा उपयोग कसा केला, हे मुंबईकरांना सांगायला नको.)

पूर्वी चोच, पाय व पिसे पाहून कुळे ठरत, आणि समान राहणीमुळे दूरचे पक्षीही सारखे दिसू लागतात, ही अडचण तेव्हा सुटत नसे. १९८०च्या दशकात सिब्ली आणि आल्क्विस्ट या पक्षिशास्त्रज्ञांनी डीएनएची तुलना करून ऑस्ट्रेलियातील युरोपीय पक्ष्यांसारखे दिसणारे अनेक गायक पक्षी प्रत्यक्षात एकमेकांचेच नातलग असल्याचे दाखवले. त्यांची मांडणी पुढे बरीच दुरुस्त झाली. तथापि लायरबर्डसारख्या सर्वांत जुन्या शाखा ऑस्ट्रेलियातच आढळत असल्याने गायक पक्ष्यांच्या समूहाचा उगम त्याच भूभागात झाला, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. दयाळाचे कूळ बदलले तेही अशाच जनुकीय पुराव्यामुळे, आणि शीळकरी कस्तूरही आता माशीमारांतच गणला जातो.