जोराच्या पावसात काळ्या रानाचा बांध दरवर्षी वाहून जातो, बीडकडे त्यावर कोणतं गवत टिकेल?

वाळा लावा. आधी फुटलेली जागा माती टाकून चोपून घ्या, गवत काही भगदाड बुजवत नाही. मृगात रान चांगलं ओलं झालं की बांधाच्या वरच्या अंगाला, समपातळीत एकच ओळ. दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, पाला वीतभर ठेवून छाटलेला, 10 ते 15 सेंमीवर. बुडाशी मूठभर कुजलेलं शेणखत. रोपं वाचवायला अंतर वाढवलंत की फसलं: पाणी नेमकं त्या फटीतून घुसतं आणि तिथेच घळ पडते. म्हणून मेलेल्या ठोंबांच्या जागी त्याच पावसाळ्यात नवे लावा. उन्हाळ्यात भेगा कमी पडाव्यात म्हणून ओळीलगत सोयाबीनचं भुसकट पसरा. ताजं मातीत गाडू नका, कुजताना नत्र ओढतं. पहिलं वर्ष शेळ्या मात्र लांब ठेवा.