सोलापुरात समाजमंदिर, सांस्कृतिक भवनाबद्दल महापालिकेला प्रश्न विचारले तर उत्तर मिळतं का? कसं विचारायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागातलं समाजमंदिर कायम कुलपात असतं, चावी कुणाकडं ते कुणी सांगत नाही, आणि आता ते चालवायला कुणाला तरी देणार अशी चर्चा आहे. उत्तर मिळतं, मी मिळवलंय. फक्त "बंद का आहे" असं विचारू नका, कारण त्याला "बघतो, दुरुस्ती आहे, साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच उत्तर येतं आणि ते कुणालाही देता येतं. कागद मागा. इमारत कुणाच्या नावावर, कुठल्या निधीतून बांधली, ताबा कुणाला कुठल्या पत्रानं दिला, हे विचारलं की समोरच्याला फाईल काढावीच लागते.

मी पूर्व भागातला. आमच्याकडं निम्म्या घरात यंत्रमाग नायतर विडी, घर दोन खोल्यांचं, त्यात साखरपुडा, बारसं, वर्षश्राद्ध कुठं करायचं सांगा. मंगल कार्यालयाचं एका दिवसाचं भाडं ऐकूनच माणूस गप्प बसतो. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी, उर्दू सगळे आहेत आणि सगळ्यांना एकत्र बसायला छप्पर असलेली सार्वजनिक जागा एकच, ते समाजमंदिर. दहावीची पोरं रस्त्यावरच्या लाईटखाली पायरीवर अभ्यास करतात आणि शेजारी चार भिंतींची सरकारी खोली कुलपात, हे मला सहन होत नव्हतं.

आम्ही सुरुवात केली विजेच्या मीटरपासून, हे तुम्हीही करा. मीटर बाहेरच्या भिंतीलाच असतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला रीडिंगचा फोटो काढला, शेवटच्या तारखेला परत काढला, तर "बंद" असलेल्या इमारतीचा आकडा चांगलाच पुढं गेलेला. मग खिडकीच्या फुटक्या काचेतून बघितलं तर आत एका मांडववाल्याचं गोडाऊन. कनातींच्या गुंडाळ्या, बांबू, छतापर्यंत खुर्च्यांचे थर, आणि कोपऱ्यात पाण्याचे जार गार करायचं मशीन चोवीस तास चालू, त्याच्या खाली पोत्यावर पाणी ठिबकतंय. स्टेजवरच्या बाबासाहेबांच्या आणि अण्णाभाऊंच्या फोटोला टेकवून लोखंडी पाईप उभे केलेले. ते बघून आमच्या आजूबाजूच्या बायकांना जो राग आला ना, तिथनं पुढं सह्या गोळा करायला मला कुठं फिरावंच लागलं नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. कायदा 2005 चा, अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. आपल्या महाराष्ट्रात नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, म्हणून सगळं एकाच कागदात कोंबू नका, इमारतीचा अर्ज वेगळा, भाड्याचा वेगळा, दुरुस्तीच्या खर्चाचा वेगळा. "का" हा शब्दच टाळा, कारण कारण विचारलं की ते माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत पाठवतात. "अमुक मिळकतीच्या मालमत्ता नोंदवहीतील उताऱ्याची प्रत, ताबा पावतीची प्रत, मागील 5 वर्षांच्या आरक्षण नोंदवहीची प्रत" अशी भाषा ठेवा. आणि प्रत मागण्यापेक्षा कधी कधी "अभिलेखाची पाहणी करायची आहे" असं लिहिलेलं बरं, पहिला तास फुकट असतो आणि फाईल आपण स्वतः चाळली की जे मागायचं सुचलं नव्हतं तेही दिसतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्यातही नाही भागलं तर 90 दिवसांच्या आत दुसरं अपील, ते आपल्याला राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं जातं. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आमच्या फाईलीत निघालं काय तर इमारत आमदार निधीतली, बांधणारं खातं वेगळं, आणि बांधून झाल्यावर देखभालीसाठी ती रीतसर हस्तांतरित झालीच नव्हती. म्हणजे ज्यानं बांधली तो म्हणणार आमचं काम संपलं, ज्यानं सांभाळायची तो म्हणणार आमच्या ताब्यात नाही, आणि मधल्या काळात ज्याच्या हातात कुलूप तो मालक. हे बऱ्याच गावांत असंच असतं, आमदार निधी, खासदार निधी, दलितवस्ती सुधारणा, निधी कुठलाही असू दे, हस्तांतरणाचं पत्र हा पहिला कागद शोधायचा. ते नाही हे लेखी मिळाल्यावर आमची मागणी एकाच ओळीची झाली, इमारत ताब्यात घ्या आणि दर ठरवून बोर्ड लावा. वेळ लागला, पण आता बोर्ड आहे, वही आहे, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. बाथरूमला पाणी अजून नाही, त्याच्यामागं सध्या लागलोय.

आता चालवायला देण्याचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, त्यातलं कलम 79 वाचा, मराठीत मिळतं. आयुक्तांना स्वतःच्या अधिकारात मिळकत भाड्यानं देता येते ती एका वेळी 12 महिन्यांपर्यंत, त्याच्या पुढं मंजुरी लागते, आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नको असंही त्यात आहे. म्हणून तुमचा प्रश्न असा पाहिजे, ठराव क्रमांक काय, तारीख काय, मुदत किती, मूल्यांकन कुणी केलं, आणि करारात स्थानिक लोकांसाठी सवलतीचे दिवस राखलेत का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ठेकेदारानं नीट चालवलं तरी गरिबाला परवडलं नाही तर आपल्या काय उपयोगाचं. एक लक्षात ठेवा, आपल्याकडं मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि मग निवडणूक होईपर्यंत प्रशासक होते, त्या काळातले निर्णय सभेत चर्चेला आलेलेच नसतात, ते प्रशासकांच्या ठरावात शोधावे लागतात. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, आता परत 102 नगरसेवक आहेत, 26 प्रभाग, बहुतेक प्रभागात चार. चौघांनाही तेच निवेदन द्या, एकालाच धरून बसू नका, आणि सभेत लेखी प्रश्न टाकायला सांगा.

लोकशाही दिनाचं, म्हणजे अधिकारी समोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवसाचं, बरेच जण सुचवतात, महिन्याचा पहिला सोमवार. तिथं अर्ज आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक लागते, मंडळाच्या लेटरहेडवर दिलं तर घेत नाहीत. म्हणून "मला अमुक तारखेला मुलीच्या साखरपुड्यासाठी समाजमंदिर हवं होतं, अर्ज केला, उत्तर नाही" असं स्वतःच्या नावानं लिहा, अर्थात खरंच अर्ज केलेला असेल तरच.

मोठ्या हॉलचंही हेच, नुसतं समाजमंदिर नाही. हुतात्मा स्मृती मंदिर घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, त्यांच्या नावाचं ते नाट्यगृह. भाड्याचे दर, तारखा कशा वाटल्या, हौशी संस्थांना सवलत किती, एसी आणि साऊंडवर वर्षात खर्च किती, हे विचारायचा हक्क नाटकवाल्यांइतकाच 100 रुपयाचं तिकीट काढून मागच्या रांगेत बसणाऱ्यालाही आहे. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक, तेही आपलंच, शाळेच्या पोरांना घेऊन जायचं असेल तर वेळा, गाईड, देखभाल यांची माहिती मागता येते. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतं, त्यात आपल्या इमारतीच्या दुरुस्तीला तरतूद किती आणि मागच्या वर्षीची खर्च झाली किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून घ्या.

तुमच्याकडं मिळकत क्रमांक नसेल तर आधी झोन ऑफिसला विचारा, तिथं नाही मिळालं तर भूमी व मालमत्ता विभाग, आणि जागेचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातनं काढा. अर्जाचा मजकूर लिहून इथंच खाली टाका, कुठला शब्द अडकवेल ते मी बघून सांगतो.