तो तक्ता आधी भिंतीवरून उतरवा

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कर्करोगावर संशोधन करायचं आहे. मी एका नामवंत संशोधकाचं प्रोफाइल पाहिलं. शेकडो पेपर (शोधनिबंध), एच-इंडेक्स 100 च्या वर! त्यावरून तिच्यासाठी तक्ता करून तिच्या खोलीत लावला : पंचविशीपर्यंत 10 पेपर, तिशीला एच-इंडेक्स 30. सुट्टीत ती तीन आठवडे एका प्रयोगशाळेत गेली, पण कंट्रोल नीट आला नाही म्हणून एकच प्रयोग तीनदा करत बसली. पेपर झालाच नाही, सुट्टी वाया गेली. एक संस्था फी घेऊन पेपरवर नाव घालून देते. पैसे भरावेत का? हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. – एक पालक

उत्तर : तुमच्या प्रश्नांपेक्षा शेवटचं वाक्य मला जास्त काळजीचं वाटलं. ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. विशीच्या आतल्या मुलीनं रोज सकाळी उठून स्वतःच्या तिशीचा आकडा पाहायचा आणि आपण किती मागे आहोत ते मोजायचं, तर ती बोलणार काय? यात तुमचं प्रेम आहे, हे मला दिसतं. तिला मात्र त्या भिंतीवर फक्त हिशेब दिसत असणार.

आता त्या ‘वाया गेलेल्या’ सुट्टीबद्दल. तुमच्या सबंध पत्रात मला आशादायक वाटलेली गोष्ट हीच. उदाहरणार्थ, औषध दिलेल्या पेशी मेल्या, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. औषध न दिलेल्या पेशी ठणठणीत होत्या ना, हे आधी पाहावं लागतं. तुलनेसाठीच्या या पेशी म्हणजे कंट्रोल. तो बिघडला म्हणून कुणी न सांगता प्रयोग पुन्हा लावणारी मुलं कमी भेटतात. 2012 मध्ये ॲमजेन या औषध कंपनीच्या माजी संशोधनप्रमुखांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं, की कर्करोगावरच्या 53 गाजलेल्या पेपरांचे निष्कर्ष त्यांच्या चमूनं पडताळून पाहिले, तेव्हा फक्त 6 खरे उतरले. तुमची मुलगी जे तीनदा करत बसली, त्याची या क्षेत्राला किती गरज आहे, ते यावरून पाहा.

आणि एच-इंडेक्सविषयीचा तुमचा समज. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये हे माप सुचवलं. एच-इंडेक्स 30 म्हणजे किमान 30 पेपर असे, की प्रत्येकाचा संदर्भ (सायटेशन) इतर पेपरांत निदान 30 वेळा दिला गेला आहे. हा आकडा वयाबरोबर वाढत जातो, कधी उतरत नाही; म्हणून साठीच्या संशोधकाचा आकडा समोर ठेवून विशीच्या मुलीचं वेळापत्रक आखता येत नाही. शिवाय सायटेशन जास्त म्हणजे शोध मोठा, असंही नाही. कर्करोगाच्या रुग्णसंख्येचे आकडे देणाऱ्या वार्षिक अहवालांना प्रचंड सायटेशन मिळतात, कारण प्रत्येक जण आपल्या पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात ते वापरतो. अहवाल उपयोगाचे आहेतच, पण त्यांचं काम वेगळं. उलट पेटन राउस यांनी 1911 मध्ये कोंबड्यांमधली गाठ विषाणूमुळे होते हे दाखवलं, तेव्हा बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरवली. नोबेल मिळालं 1966 मध्ये! तुमच्या तक्त्यात राउस तिशीलाच नापास झाले असते.

पैसे भरून नाव घालण्याबाबत माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. ही फसवणूक आहे, आणि तिच्यावर नाव तुमचं नसेल, मुलीचं असेल. हिंदावी या एकाच प्रकाशनानं 2023 मध्ये 8,000 हून अधिक पेपर मागे घेतले. त्यांतल्या कितीतरी पेपरांमागे अशा विकतच्या पेपरांचा धंदा असल्याचा संशय होता. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही, ‘रिट्रॅक्टेड’ शिक्क्यासह लेखकाच्या नावावर राहतो. उद्या कुणी डॉक्टर खोट्या आकड्यांवर विसंबून पुढची चाचणी आखेल, ही शक्यता तर त्याहून भयंकर. त्या संस्थेला आजच नकार कळवा.

पुढचा रस्ता नेहमीचाच : एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा त्या त्या संस्थेची परीक्षा. त्याची माहिती तिला तुमच्याआधी असेल. पेपर कुठे लवकर होतात, हे मी सांगणार नाही. प्रयोगशाळा निवडताना तिनं तिथल्या पीएचडीच्या मुलांना गाठून दोन गोष्टी विचाराव्यात : प्रयोग फसला तर सर किंवा मॅडम काय म्हणतात, आणि इथून बाहेर पडलेली मुलं आता काय करतात. तुम्हाला विचारायचंच असेल, तर त्या तीन आठवड्यांत कंट्रोल का बिघडत होता ते तिला विचारा, आणि ती सांगेल तेवढा वेळ पेपरचा विषय काढू नका.