चेंडूवर लेझर मारण्याआधी
मित्रा, क्रिकेटच्या चेंडूवर लेझरने नाव कोरणार असशील, तर तो खऱ्या चामड्याचाच आहे ना, हे आधी पक्कं कर. नकली चामड्यातल्या पीव्हीसी प्लास्टिकवर लेझर पडला की विषारी, आम्लाचा धूर निघतो, मशीनही गंजतं. चामड्यालाही धूर असतोच, एक्झॉस्ट चालू ठेव.

खरी कसोटी गोलाईची. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण ७२ मिमी. मधोमध फोकस, म्हणजे किरण सगळ्यात बारीक होतो तो बिंदू, लावून २० मिमी रुंद नाव कोरलंस तर कडा जेमतेम दीड मिमी खाली जाते. ३० मिमी केलंस की तीनच्या वर, आणि शेवटची अक्षरं फिसकटतात. पाच बळी घेतलेल्या एका पोराचा चेंडू माझ्या हातून असाच बिघडला. अजून हळहळ वाटते. म्हणून फोकस मध्य आणि कडेच्या अधेमधे धर, शिवण टाळ. आधी जुन्या चेंडूवर कमी पॉवरने करून बघ. काजळी ओलसर फडक्याने टिप, चोळू नकोस.